बिनवासाची गाडी

आमचे शेजारी कडुबाअप्पा रोज सकाळी आपल्या मोटारीचा वास घेतात. हे विधान मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली नसताना करीत आहे आणि वेळ पडल्यास शपथेवर करण्याची माझी तयारी आहे. दात घासून झाले, की अप्पा बंडी-धोतरावर अंगणात येतात, गाडीचे डावीकडचे पुढचे दार उघडतात, कमरेपासून वरचा देह आत घालतात आणि डोळे मिटून सावकाश श्वास ओढतात. मग बाहेर येऊन घराच्या दिशेने निकाल जाहीर करतात. "हाय अजून." किंवा, "आज जरा कमी हाय." घरातून यावर काहीही उत्तर येत नाही. निकाल ऐकूनही पक्षकार गप्प बसतो, हे मी न्यायालयाच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी पाहिले नव्हते.

गाडी आली त्या आठवड्यात मी हा प्रकार खिडकीतून पाहिला आणि माझ्या स्वभावानुसार त्याचा वाईट अर्थ लावला. पेट्रोलचा वास घेण्याचे व्यसन असते, असे मी कुठेतरी वाचले होते. भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावी, भर वस्तीत, साठी उलटलेल्या गृहस्थाने हे करावे याचा मला संताप आला. मी कुंपणापाशी जाऊन रीतसर विचारणा केली. अप्पांनी डोके गाडीबाहेर काढले आणि अत्यंत शांतपणे सांगितले, "गया बसन का न्हाई, ते बघून राह्यलो."

येथे गयावहिनींचा परिचय करून देणे आवश्यक आहे. त्या अप्पांच्या पत्नी, आणि त्यांना गाडी लागते. गाडी अनेकांना लागते. परंतु वहिनींना ती उभी असतानाही लागते. बसस्थानकावर थांबलेल्या, चालक चहाला गेलेल्या एस.टी.त त्यांना ओकारी झालेली आहे. दूरचित्रवाणीवर घाटातली वळणे दाखवू लागले, तरी त्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जातात. त्यामुळे पिंपळगाव रेणुकाई हे त्यांचे माहेर इतके जवळ असूनही त्या तिकडे फिरकत नसत. पूर्वी बैलगाडी होती. बैल विकले गेले. अप्पांची दुचाकी आहे, पण वहिनींचा गुडघा वाकत नाही. तेव्हा दर भाऊबीजेला त्यांचे थोरले बंधू दामूभाऊ पिंपळगावहून स्वतः ओवाळून घ्यायला येत. मागच्या उन्हाळ्यात दामूभाऊ विहिरीच्या कठड्यावरून घसरले, कमरेचे हाड मोडले आणि त्यांनी बाज धरली. आता भाऊ येऊ शकत नव्हता आणि बहीण जाऊ शकत नव्हती. वहिनी याबद्दल कोणाशी बोलल्या नाहीत. अप्पाही बोलले नाहीत. ते जालन्याला गेले आणि एक जुनी मोटार घेऊन आले. दिवाळीतल्या भाऊबीजेला गया या गाडीत बसून पिंपळगावला जाईल, एवढेच त्यांनी गल्लीत सांगितले, आणि दुसऱ्या दिवसापासून वास घेण्यास प्रारंभ केला.

अप्पांनी सारी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून केली. त्यांच्या वडिलांची मेंढरे होती. त्यामुळे मोटार हे यंत्र आहे, ही गोष्ट त्यांच्या मनाने आजतागायत मान्य केलेली नाही. ते बॉनेटवर तळहात ठेवून ताप पाहतात. टायर तपासताना खुरात काटा शोधावा तसे खाली वाकतात. इंजिनातले ऑईल दोन बोटांत चोळून, नाकाशी नेऊन, "रक्त काळं पडलंय, बदलावं लागन," असे म्हणतात. निदानाचा त्यांचा एक ठरलेला क्रम आहे आणि तो ते दिवसातून अनेकदा उच्चारतात. "आधी वास, मंग आवाज, मंग हात."

हा क्रम ते स्वतःच्या गाडीपुरता ठेवते, तर माझी तक्रार नव्हती. परंतु गल्लीत कोणाचीही मोटार येऊन थांबली, की अप्पा तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि न विचारलेला सल्ला देतात. हवा सकाळी गार टायरात भरा, तापल्यावर आकडा खोटा दाखवतो. गाडी उभी करून ठेवू नका, उभं जनावर दुखणं धरतं आणि उभ्या गाडीची बॅटरी बसते. पायाखाली एकावर एक दोन चटया घालू नका, वरची सरकून ब्रेकच्या दांडीखाली गेली म्हणजे मंग गाडी न्हाई, देवच थांबवतो. हे सल्ले योग्य आहेत हे मी मान्य करतो, आणि त्यामुळेच मला अधिक राग येतो. गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्यांनी एकदा भर चौकात थांबवले. गाडीला गुळाच्या पाकाचा वास येतोय, इंजिन थंड ठेवणारं पाणी गळून राह्यलं, असे सांगितले. मुख्याध्यापक घाबरून गाडी ढकलत गॅरेजात घेऊन गेले. तिथे संपूर्ण तपासणीअंती मागच्या आसनाखाली त्यांच्या नातवाची वितळलेली चिक्की सापडली. अप्पांनी या निष्कर्षाचेही स्वागत केले. "वास होता का न्हाई?" ते म्हणाले. "वास बराबर होता."

स्वतःच्या गाडीतला वास घालवण्यासाठी त्यांनी जे उपाय केले, त्यांचे वर्णन करताना मला संयम ठेवावा लागेल. आधी कांदे कापून आत ठेवले. आतल्या प्लास्टिकचा वास गेला आणि कांद्याचा आला. कांद्यासाठी कोळसा ठेवला, तो आसनांना लागला. आसने त्यांनी ताकाने धुतली. दवाखान्यात कशाचाही वास हाताला राहिला की तो ताकाने जायचा, हा त्यांचा अनुभव होता. पण हात उन्हात वाळतो आणि आसनाच्या आतला स्पंज वाळत नाही, हा फरक त्यांच्या ध्यानात आला नाही. त्या आठवड्यात गल्लीतली मांजरे गाडीभोवती सभा भरवल्यासारखी बसलेली असत. शेवटी त्यांनी वातानुकूलन यंत्राच्या तोंडाशी हिंगाची पुरचुंडी बांधली आणि यंत्र चालू केले. मी कुंपणाच्या अलीकडे होतो. संध्याकाळपर्यंत मला माझ्या घरातल्या चहालाही फोडणीचा वास येत होता.

बाजारपेठेत गाड्या सजवण्याचे एक दुकान आहे. त्याचा मालक सलीम हा गोड बोलणारा मनुष्य असून कायद्याच्या दृष्टीने अतिशय धोकादायक आहे. अप्पा त्याच्याकडे "मळमळीवर काही हाय का" असे विचारायला गेले आणि सलीमने दुकानातली प्रत्येक वस्तू मळमळीवरच बनवलेली आहे, असे सांगितले. उन्हाने डोके फिरते म्हणून काचांवर काळी फिल्म. हवा खेळावी म्हणून डॅशबोर्डवर पंखा. मागे पाहताना मान वळू नये म्हणून पडदा आणि कॅमेरा. आणि गाडी मागे घेताना लहान मुलांच्या खेळण्यासारखी धून वाजवणारा भोंगा. हा भोंगा मळमळीवर कसा, हे सलीमलाही सांगता आले नाही. तो पडद्याबरोबर फुकट होता.

काळ्या फिल्मबद्दल मी अप्पांना लेखी समज दिली. कायद्यातील तरतूद, न्यायालयाची भूमिका आणि होणारा दंड, हे सर्व मी चार परिच्छेदांत विशद केले. अप्पांनी ते पत्र वाचले आणि त्याच दुपारी नखाने खरवडून फिल्म काढून टाकली. वर माझ्याकडे येऊन, "बरं झालं सांगितलं साहेब," असे म्हणून गेले. माझ्या पत्रांना असा प्रतिसाद मिळण्याची मला सवय नाही. पुढचे स्मरणपत्र मी लिहून तयार ठेवले होते. ते वाया गेले.

भोंग्याच्या बाबतीत मात्र अप्पा नमले नाहीत. बॅटरी बसू नये म्हणून ते रोज पहाटे गाडी अंगणातून मागे घेत आणि पुन्हा पुढे आणत. त्या वेळी ती धून संपूर्ण गल्लीला ऐकू जाई. मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, परिवहन खात्याला दिला, नगरपरिषदेलाही दिला. सर्वांनी पोच दिली. अप्पांचे म्हणणे एवढेच होते, की मागे मूल असते, मांजर असते. जनावर मागे सरकताना सुद्धा आवाज करून सांगतं, गाडीनं कामून सांगू नये. या युक्तिवादात दोष होता, पण तो मला त्या वेळी सापडला नाही आणि त्यामुळे मी अजूनच संतापलो.

वाट दाखवणाऱ्या बाईचे प्रकरण याच सुमारास घडले. सलीमने अप्पांच्या मोबाईलमधला नकाशा त्या पडद्याला जोडून दिला. त्यातून एक बाई हिंदीत सूचना देत असे. अप्पा तिला घेऊन एकटेच पिंपळगावला जाऊन आले. परतल्यावर त्यांनी तिला कायमचे बंद केले. मी कारण विचारले. अप्पा म्हणाले, "आमची सासुरवाडी कुठंय, ते आमाला ठाव हाय. वळण सांगती, पण खड्डा न्हाई सांगत. मंग काय कामाची?" वहिनींचे पोट हादऱ्याने नव्हे, अचानक बसलेल्या हादऱ्याने ढवळते, असा त्यांचा शोध होता. आधी सांगितले तर पोट तयारीत राहते. म्हणून अप्पांनी दुचाकीवरून त्या रस्त्याच्या खेपा सुरू केल्या आणि एकेक खड्डा पाठ केला. जो रस्ता बांधणाऱ्यांनी पाहिला नसेल, तो अप्पांनी पाहिला. त्या खड्ड्यांविषयी मीही संबंधित कार्यालयाशी दीर्घ पत्रव्यवहार केला होता. सदर खड्डे आपल्या हद्दीत येत नाहीत, असे त्या कार्यालयाने कळवले होते. कोणाच्याच हद्दीत न येणारे ते खड्डे अखेर अप्पांनी आपल्या हद्दीत घेतले.

दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी अप्पांनी वास घेऊन, "आज न्हाई," असा निकाल दिला आणि वहिनींना चाचणीसाठी बाहेर बोलावले. पुढच्या आसनावर त्यांनी घोंगडी अंथरली होती. वडिलांच्या मेंढरांच्या लोकरीची ती घोंगडी; तिच्यावर बसलेल्या माणसाचे पोट ढळत नाही, असे ते म्हणत. वहिनी हातात लिंबू घेऊन बसल्या. मी कुंपणावरून सुरक्षा पट्ट्याची आठवण करून दिली. पट्टा लावताना वहिनी पुटपुटल्या, "माहेरला नेऊन राह्यले का बांधून नेऊन राह्यले?" अप्पांनी गाडी मागे घेतली. भोंगा सुरू झाला. मी तोवर आत जाऊन दाढीला बसलो होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी गाडीच्या खिडकीशी गेलो आणि जे बोलायचे होते ते बोललो. शांततेचा नागरिकाचा हक्क, भोंग्यांसंबंधीचे नियम, तिन्ही कार्यालयांनी दिलेल्या पोचा आणि त्या पोचांचा निरुपयोग, यांवर मी बराच वेळ सविस्तर बोललो. श्वास घेण्यासाठी थांबलो तेव्हा वहिनी गालाला हात लावून माझ्याकडे पाहत होत्या. लिंबू मांडीवर विसरले होते.

"गया, पोटात काही?" अप्पांनी विचारले.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, "ध्यानातच न्हाई राह्यलं."

त्या संध्याकाळी अप्पा माझ्या ओसरीवर आले. चहा घेतला. इकडचे तिकडचे बोलले. मग म्हणाले, "साहेब, भाऊबीजेला तुमाला यावं लागन."

"मी? कशासाठी?"

"रागवायला."

मी त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावले, की माझा राग हा सार्वजनिक हितासाठी आहे, तो कोणाच्या मळमळीवरचा उतारा नाही. आणि मागणीनुसार रागावणे मला जमणारही नाही. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. "रस्त्यानंच जाऊन राह्यलो ना," ते म्हणाले. "येतो आपोआप." मी एक अट घातली. भाऊबीजेनंतर तो भोंगा कायमचा बंद झाला पाहिजे. अप्पांनी अट तत्काळ मान्य केली. जाताना त्यांना सलीम भेटला; त्याला त्यांनी काय सांगितले, ते मला नंतर समजले. सगळ्या वस्तू घेतल्या, पण खरी कामाची वस्तू शेजारीच निघाली, असे ते म्हणाले होते.

भाऊबीजेला आम्ही निघालो. वहिनी पुढे घोंगडीवर, ओवाळणीचे ताट मांडीवर फडक्यात बांधलेले. मी मागे. अप्पा ज्या वेगाने गाडी हाकत होते, तो वेग मोजण्यासाठी गाडीतले यंत्र अपुरे होते. सायकलवाले आम्हाला ओलांडून जात होते आणि मागे वळून पाहत होते. अप्पांची नजर रस्त्यावर आणि तोंड सारखे चालू होते. आता बाभळीखालचा येईन, बारका हाय. धरून बस. आता पुलाच्या अलीकडचा, हा खोल हाय, पण आपण कडेनं जाऊ. गाडी झुले, आणि वहिनी आधीच दाराची मूठ धरून तयार असत.

माझ्या बाबतीत अप्पांचा अंदाज चुकला नाही. गाव संपते तोच समोर एक पाटी दिसली, किंवा दिसायला हवी होती. तिच्यावर कोण्या नेत्याच्या वाढदिवसाचा फलक ठोकला होता. मी सुरू झालो. त्यानंतर गाणी वाजवणारा, मागे एकही दिवा नसलेला ट्रॅक्टर आला. नंतर एका दुचाकीवर चौघे आले. चौथा उलट्या तोंडाने बसून आम्हालाच हात करीत होता. मी प्रत्येकाला लागू होणारी तरतूद आणि त्याविषयी कार्यालयांकडे केलेल्या अर्जांचा इतिहास सांगत गेलो. वहिनी मधून मधून, "मंग काय म्हणले हो ते साहेब लोक?" असे विचारून माझ्या रागात भर घालीत होत्या. त्या हसत होत्या. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

आणि अकस्मात रस्ता चांगला लागला. नवा, गुळगुळीत, पांढरे पट्टे आखलेला रस्ता. दोन्ही बाजूंना सोंगणी झालेली शेते आणि वाहन एकही नाही. मी बोलायला तोंड उघडले आणि माझ्यापाशी विषयच उरला नाही. मी झाडांकडे पाहिले. झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे व्यवस्थित मारलेले होते. गाडीत शांतता पसरली. वहिनींचा हात लिंबाकडे गेला, मग पदराकडे. मान खाली झुकली.

"साहेब," अप्पा पुटपुटले, "जल्दी. काही तरी."

मला सरकार आठवले, महागाई आठवली, पण यातले काही ओठांवर येईना. चांगल्या रस्त्यावर मनुष्य निःशस्त्र होतो. त्या क्षणी अप्पांनी आरशात पाहिले, रस्ता मागेपुढे रिकामा आहे याची खात्री केली, गाडी कडेला घेऊन थांबवली आणि मागचा गिअर टाकला. भोंगा वाजू लागला. ती धून त्या निर्मनुष्य शिवारात घुमली.

यानंतर मी काय काय बोललो, ते मला सर्व आठवत नाही. सार्वजनिक रस्त्यावर विनाकारण वाहन मागे घेणे हा किती गंभीर प्रमाद आहे, इथपासून मी आरंभ केला, हे नक्की. पिंपळगावच्या रेणुकामातेच्या देवळाचे शिखर दिसले तेव्हाही मी बोलतच होतो, आणि वहिनी डोळ्यांतले पाणी पदराने पुसत हसत होत्या.

दामूभाऊंची बाज अंगणात काढून ठेवली होती. गाडी थांबण्याच्या आत वहिनींनी पट्ट्याशी झटापट सुरू केली. न वाकणारा तो गुडघा घेऊन त्या ज्या लगबगीने गेल्या, ती पाहून दामूभाऊंनी हात वर केले आणि ते खाली ठेवायचे विसरले. "कशी आलीस गं?" एवढेच ते विचारत राहिले. वहिनी बाजेच्या कडेला बसल्या, त्यांनी निजल्या भावाला ओवाळले आणि म्हणाल्या, "बसून आले."

जेवणे झाली. पुरणपोळी, आमटी, शेवयांची खीर. दामूभाऊंच्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि घरात दुसरे बाईमाणूस नव्हते. निघायच्या वेळी वहिनी अंगणात येऊन अप्पांना म्हणाल्या, की भाऊ उठून चालेपर्यंत त्या इथेच राहतील. अप्पा तेव्हा मागच्या टायरापाशी वाकले होते. त्या टायरात काहीही दोष नव्हता. मी पाहिला होता.

"रहा की," ते वर न पाहता म्हणाले. "मला काय, भाकरी येती करता."

मग ते गाडीखाली हात घालून काही वेळ खटपट करीत राहिले. गाडी अंगणातून मागे घेतली तेव्हा भोंगा वाजला नाही. मी विचारले. तार काढली, अट होती ना, असे ते म्हणाले. अट भोकरदनला पोचल्यावर अमलात आली असती तरी चालले असते.

गावाबाहेर पडल्यावर अप्पांनी गाडी थांबवली. "साहेब, पुढं येऊन बसा," ते म्हणाले. "मोकळी जागा बघू वाटत न्हाई." मी पुढे जाऊन घोंगडीवर बसलो आणि पट्टा लावला. ऊन उतरत होते. मला वाटले, आता गाडी थोडी वेगाने जाईल. घाई करण्यास कोणतीही हरकत नव्हती. परंतु सायकलवाले पुन्हा आम्हाला ओलांडून जाऊ लागले. आता रागावू का, असे मी विचारले. अप्पा कसेनुसे हसले. "राहू द्या," ते म्हणाले. "आता कोणासाठी?"

गुळगुळीत रस्ता संपला. पूल ओलांडून तो खोल खड्डा जवळ आला तसा अप्पांनी वेग आणखी कमी केला, डावा हात माझ्यासमोर आडवा धरला, आणि समोरच पाहत, ज्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकले नव्हते त्या आवाजात म्हणाले, "धरून बस. आला बघ."

मला एकेरी संबोधण्याचा अधिकार आता या जगात कोणालाही उरलेला नाही. ज्यांनी तसा प्रयत्न केला, त्यांना मी लेखी उत्तरे दिलेली आहेत.

मी दाराची मूठ घट्ट धरली.